अर्धवट नावाच्या एका दगडावरून ज्याने रोमच्या पोटातली हरवलेली दफनभूमी शोधली, तो जोव्हान्नी दे रोसी

साल होतं १८४९. रोम शहराच्या वेशीबाहेर आप्पिया नावाचा दोन हजार वर्षं जुना रस्ता जातो. त्या रस्त्यालगत तेव्हा द्राक्षाचे मळे होते. त्यातल्याच एका मळ्यात संगमरवराचा एक तुटका तुकडा सापडला. त्यावर लॅटिन अक्षरं होती, पण सुरुवातीची अक्षरं दगडासोबतच तुटून गेलेली. जे उरलं होतं ते एवढंच लागत होतं, नेलियुस मार्टिर.

मार्टिर म्हणजे हुतात्मा. आणि नेलियुस म्हणजे कुणाच्या तरी नावाचा उरलेला अर्धा भाग.

आता रोममध्ये असे तुटके दगड काय कमी होते का? घराच्या भिंतीत, पायऱ्यांत, अंगणातल्या फरशीत, जिकडेतिकडे जुने कोरीव दगड बसवलेले असायचे. लोक त्याकडे बघायचेही नाहीत. पण २७ वर्षांच्या जोव्हान्नी बात्तिस्ता दे रोसींनी हा दगड बघितला आणि त्यांच्या डोक्यात चक्रं फिरायला लागली. गेलेली अक्षरं कोर असणार आणि पूर्ण नाव कोर्नेलियुस असणार, असा त्यांचा अंदाज होता.

कोर्नेलियुस म्हणजे इसवी सन २५१ ते २५३ या काळात रोमचे पोप असलेले गृहस्थ. त्यांची कबर नक्की कुठे होती हे कित्येक शतकं कुणालाच सांगता येत नव्हतं. तिचा दगड जर या मळ्यात असेल, तर कबरही याच मळ्याच्या खाली असली पाहिजे, असं दे रोसींचं म्हणणं होतं.

तीन वर्षांनी ते म्हणणं खरं ठरलं. पण त्यासाठी आधी हे बघायला लागेल की रोमच्या जमिनीखाली एवढं काय दडलेलं होतं आणि ते हरवलं कसं.

तर रोमन कायद्यानुसार शहराच्या हद्दीत मृतदेह पुरायला बंदी होती. त्यामुळे कबरी असायच्या शहराबाहेर, मोठ्या रस्त्यांच्या कडेला. रोमच्या आसपासच्या जमिनीत तूफ नावाचा ज्वालामुखीच्या राखेतून तयार झालेला दगड आहे. तो खोदायला मऊ असतो, पण खोदल्यावर कोसळत नाही. दुसऱ्या शतकाच्या अखेरीपासून ख्रिस्ती लोकांनी या दगडात मोठमोठी भुयारं खोदली. अरुंद गल्ल्या, त्यांच्या दोन्ही भिंतींत एकावर एक आडवे कप्पे आणि प्रत्येक कप्प्यात एक किंवा दोन मृतदेह. कप्प्याचं तोंड विटांनी किंवा संगमरवरी लादीने बंद करायचं. यांनाच कॅटाकोम्ब म्हणतात.

ज्यांना लादी परवडायची ते नाव कोरून घ्यायचे. ज्यांना परवडायची नाही ते ओल्या गिलाव्यात काहीतरी खूण दाबून बसवायचे. एखादं नाणं, मातीचा दिवा, काचेच्या पेल्याचा बुडखा, शिंपला, लहान मुलाची कबर असेल तर बाहुली. अंधारात आपल्या माणसाची कबर ओळखता यावी म्हणून.

चौथ्या शतकात सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळात ख्रिस्ती धर्माला मोकळीक मिळाली आणि या जागा तीर्थक्षेत्रं झाली. इसवी सन ३६६ ते ३८४ या काळात पोप असलेल्या दामासुस यांनी हुतात्म्यांच्या कबरींवर पद्यात शिलालेख बसवले, जिने बांधले, कबरी सजवल्या. युरोपभरातून यात्रेकरू यायला लागले. पण पुढे रोमवर हल्ले वाढले. आठव्या आणि नवव्या शतकात पोपनी हुतात्म्यांच्या अस्थी शहरातल्या चर्चमध्ये हलवल्या. मग खाली जायचं कारणच उरलं नाही. जिने मातीने बुजले आणि हळूहळू रोमकर आपल्या पायाखाली काय आहे हे विसरून गेले.

३१ मे १५७८ रोजी व्हिया सालारिया या रस्त्याजवळ मजूर बांधकामासाठी माती खणत होते. त्यांना खाली रंगवलेल्या भिंती आणि कबरी दिसल्या. कॅटाकोम्ब परत सापडले.

आता इथे खरी गोम आहे.

हा शोध लागला तो काळ मार्टिन ल्यूथरच्या बंडानंतरचा. युरोपात कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांचं भांडण पेटलेलं होतं. रोमचं चर्च मूळ ख्रिस्ती धर्मापासून भरकटलंय, असं प्रोटेस्टंटांचं म्हणणं. आणि आता कॅथलिकांच्या हातात थेट पहिल्या ख्रिस्ती लोकांच्या कबरी आल्या होत्या. त्यामुळे खाली उतरणारे बरेच जण उत्तर आधीच खिशात घेऊन उतरायचे. पुरावा फक्त त्या उत्तराला जोडायचा.

दुसरी गोष्ट अस्थींची. हुतात्म्याच्या अस्थींना युरोपभर प्रचंड मागणी होती. पुढची दोनअडीचशे वर्षं कॅटाकोम्बमधून सांगाडे काढून वेगवेगळ्या देशांतल्या चर्चना पाठवले गेले. कबर हुतात्म्याची आहे की साध्या माणसाची, हे ठरवायचे निकष फारच ढिले होते. अस्थी काढताना लाद्या फुटायच्या, गिलाव्यातल्या वस्तू उपटल्या जायच्या. कुठली वस्तू कुठल्या कबरीवर होती, याची नोंद सहसा कुणी ठेवायचं नाही.

याचं एक गाजलेलं उदाहरण म्हणजे फिलोमेना. मे १८०२ मध्ये प्रिस्किल्ला कॅटाकोम्बमध्ये तीन कौलांनी बंद केलेली एक कबर सापडली. कौलांवर लाल रंगात अक्षरं होती. पहिल्यावर लुमेना, दुसऱ्यावर पाक्स ते आणि तिसऱ्यावर कुम फि. सरळ वाचलं तर अर्थच लागत नाही. पण पहिलं कौल उचलून शेवटी ठेवलं की वाक्य होतं, पाक्स तेकुम फिलुमेना, म्हणजे फिलुमेना, तुला शांती लाभो. आत एका किशोरवयीन मुलीच्या अस्थी होत्या. १८०५ मध्ये त्या नेपल्सजवळच्या मुन्यानो गावी नेल्या आणि काही वर्षांतच संत फिलोमेना युरोपभर प्रसिद्ध झाली. तिच्याबद्दलचा पुरावा एवढाच होता, तीन कौलं आणि थोड्या अस्थी.

कौलं उलटसुलट का लावली असतील, हा प्रश्न तेव्हा फारसा कुणाला पडला नाही. हा प्रश्न पडणारी माणसं तयार व्हायला अजून वेळ होता. ती तयार केली दे रोसींनी.

जोव्हान्नी बात्तिस्ता दे रोसींचा जन्म २३ फेब्रुवारी १८२२ चा, रोममधलाच. त्यांच्या लहानपणाची एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. ११ वर्षांचे असताना त्यांनी वडिलांकडे भेट म्हणून एक पुस्तक मागितलं, अंतोनियो बोसियो यांचं जमिनीखालच्या रोमबद्दलचं जाडजूड पुस्तक. बोसियो हे सतराव्या शतकातले संशोधक. १५९३ पासून १६२९ मध्ये मरेपर्यंत त्यांनी एकामागून एक कॅटाकोम्ब पालथे घातले होते आणि चित्रं, लेख उतरवून घेतले होते. त्यांचं पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर छापून आलं. त्यानंतर दोनशे वर्षं त्यांच्या तोडीचं काम कुणी केलं नव्हतं.

दे रोसींनी शिक्षण घेतलं कायद्याचं, पण वकिली केली नाही. त्यांनी व्हॅटिकनच्या ग्रंथालयात नोकरी धरली. जुनी हस्तलिखितं वाचायची आणि त्यांच्या याद्या करायच्या, हे काम. आणि कॅटाकोम्बमध्ये उतरायला शिकवलं ते ज्युसेप्पे मार्की या येशूसंघी धर्मगुरूंनी. मार्कींनी १८४५ मध्ये हियाकिंथुस नावाच्या हुतात्म्याची कुणीही न उघडलेली कबर शोधली होती. या भुयारांत हुतात्म्याची अशी शाबूत कबर मिळणं ही फार दुर्मिळ गोष्ट.

ग्रंथालय आणि भुयार. या दोन जागा एकाच माणसाच्या आयुष्यात आल्या, आणि दे रोसींची पद्धत जन्माला आली ती यातूनच.

त्यांच्याआधीचे बहुतेक लोक आधी खाली उतरायचे आणि जे सापडेल त्याला नाव द्यायचे. दे रोसींनी क्रम उलटा केला. आधी वाचायचं, मग खणायचं.

सातव्या शतकात रोमला येणाऱ्या यात्रेकरूंसाठी छोट्या मार्गदर्शिका लिहिल्या गेल्या होत्या. अमुक वेशीतून बाहेर पडा, या रस्त्याने जा, डाव्या हाताला या हुतात्म्याची कबर, पुढे गेलात की त्याची, अशा थाटाच्या. यांच्या नकला युरोपातल्या मठांत टिकून राहिल्या होत्या. दे रोसींनी त्यांचा अगदी शहराच्या नकाशासारखा वापर केला. जोडीला चौथ्या शतकातली हुतात्म्यांच्या स्मृतिदिनांची यादी आणि पोपच्या चरित्रांचा जुना ग्रंथ.

यातून पहिला धक्का बसला तो एका जुन्या समजुतीला. आप्पिया रस्त्यावर सेंट सेबास्टियनचं चर्च आहे. त्याच्या खालचं कॅटाकोम्ब हेच पोपांची दफनभूमी असलेलं प्रसिद्ध कॅलिस्टुस कॅटाकोम्ब, असं सगळे धरून चालले होते. दे रोसींनी दाखवलं की मार्गदर्शिकांमध्ये ही दोन ठिकाणं वेगवेगळी आहेत आणि कॅलिस्टुस शहराच्या जास्त जवळ आहे. नेमकं जिथे तो नेलियुस लिहिलेला दगड सापडला होता, तिथेच.

दुसरी युक्ती तर अजून भारी. आधीचे लोक जिथे गल्ल्या मोकळ्या असायच्या तिथे शिरायचे. जिथे राडारोडा भरलेला असेल तिथून मागे फिरायचे. दे रोसी म्हणत होते की शोधायचं असेल तर राडारोड्यातच शोधा. कारण साधं आहे. ज्या कबरीला यात्रेकरू यायचे तिच्यासाठीच जिने आणि वरून उजेड येण्यासाठी मोठे झरोके बांधले गेले. कॅटाकोम्ब ओस पडल्यावर माती आणि दगड आत कोसळले ते याच झरोक्यांतून. म्हणजे जिथे ढिगारा मोठा, तिथे कबर महत्त्वाची.

पण मळा खासगी होता, खणायला परवानगी आणि पैसा पाहिजे. दे रोसींनी पोप नववे पायस यांच्याकडे मळा विकत घ्यायची गळ घातली. पोपना सुरुवातीला हे सगळं स्वप्नरंजन वाटलं होतं असं सांगतात. पण मळा विकत घेतला गेला. जानेवारी १८५२ मध्ये कॅटाकोम्बच्या उत्खननासाठी आणि जतनासाठी एक आयोगही नेमला गेला.

त्याच वर्षी खाली एक कबर सापडली. तिथे तुटक्या लादीचा उरलेला भाग मिळाला. त्यावर कोर ही अक्षरं होती. दोन्ही तुकडे एकमेकांना जोडले तर बरोब्बर बसले.

दोन वर्षांनी, १८५४ मध्ये, त्याहून मोठं घबाड हाती लागलं. ढिगारा उपसता उपसता एक खोली मोकळी झाली. तिसऱ्या शतकातले नऊ पोप जिथे पुरले होते ती हीच खोली. अंतेरुस, फाबियानुस, लुकियुस आणि एउतिखियानुस या चौघांच्या लाद्यांचे तुकडे मिळाले. ११ मे १८५४ रोजी पोप नववे पायस स्वतः खाली उतरले. आपल्या सोळाशे वर्षांपूर्वीच्या पूर्वसुरींची नावं दगडावर बघून त्यांना भरून आलं असं म्हणतात.

आता या लाद्या नीट बघितल्या तर काय दिसतं?

एक म्हणजे त्यांच्यावरचा मजकूर लॅटिनमध्ये नाही, ग्रीकमध्ये आहे. म्हणजे तिसऱ्या शतकातही रोमच्या चर्चने ग्रीक भाषा सोडली नव्हती. दुसरं म्हणजे नावापुढे पोप असं काही लिहिलेलं नाही. बिशपसाठीच्या ग्रीक शब्दाची फक्त सुरुवातीची अक्षरं आहेत. तिसरं म्हणजे थाटमाट नाही. खोली जरा मोठी, पण बहुतेक जण भिंतीतल्या साध्या कप्प्यांतच पुरलेले.

आणि चौथी गोष्ट फाबियानुस यांच्या लादीवर. इसवी सन २५० मध्ये त्यांना मारण्यात आलं. त्यांच्या लादीवर हुतात्मा या शब्दाचं संक्षिप्त चिन्ह आहे, पण बाकीच्या अक्षरांपेक्षा ते कमी खोल कोरलेलं आहे. म्हणजे लादी बसवल्यानंतर कधीतरी ते नंतर घातलं गेलं. एखाद्याला अधिकृतपणे हुतात्मा म्हणायला काही काळ जावा लागत असावा, असं दे रोसींनी यावरून मांडलं. छिन्नीच्या खोलीवरून चर्चची कार्यपद्धत वाचायची, हा प्रकार तोपर्यंत कुणी फारसा केला नव्हता.

याच खोलीत दामासुस यांच्या शिलालेखाचे शंभरहून जास्त तुकडे विखुरले होते. त्यातली अक्षरं फिलोकालुस नावाच्या कलाकाराच्या खास वळणाची, टोकांना छोट्या वेलांट्या असलेली. दे रोसींनी वळणावरून तुकडे ओळखले. मूळ मजकूर जुन्या यात्रेकरूंनी उतरवून घेतलेला होता, तो हस्तलिखितांतून काढला आणि कोडं जुळवावं तसा शिलालेख परत उभा केला.

हे सगळं एकट्याचं काम नव्हतं. त्यांचे धाकटे भाऊ मिकेले भूगर्भाचे अभ्यासक. भूकंपाची तीव्रता मोजणाऱ्या रोसी-फोरेल श्रेणीतले रोसी म्हणजे हेच. त्यांनी भुयारांचं मोजमाप घ्यायला एक खास यंत्र बनवलं आणि नकाशे तयार केले. ही भुयारं म्हणजे जुन्या वाळूच्या खाणी होत्या असा समज होता. मार्कींनी त्याला विरोध केला होता. मिकेले यांनी दगडाचे थर तपासून दाखवलं की गल्ल्या दफनासाठीच, त्यासाठी योग्य अशा थरात खोदल्या आहेत.

नकाशे, चित्रं, लेख या सगळ्यांसह दे रोसींचा मुख्य ग्रंथ १८६४, १८६७ आणि १८७७ मध्ये तीन खंडांत आला. १८६३ पासून त्यांनी ख्रिस्ती पुरातत्त्वाला वाहिलेलं एक नियतकालिक चालवलं आणि त्यातला बराचसा मजकूर ते स्वतःच लिहायचे.

त्याचबरोबर रोममधले सातव्या शतकापर्यंतचे ख्रिस्ती शिलालेख गोळा करणं चालू होतं. पहिल्या खंडात त्यांनी मुद्दाम तारीख सांगता येणारे लेख आधी घेतले. रोमन लोक वर्ष सांगताना त्या वर्षीच्या कॉन्सुल या अधिकाऱ्यांची नावं लिहायचे. त्यावरून साल काढता येतं. एकदा अशा लेखांची रांग लागली की कुठलं चिन्ह कधी आलं हे कळतं. मासा आणि नांगर ही चिन्हं आधीची. ख्रिस्ताच्या नावाची दोन ग्रीक अक्षरं एकमेकांत गुंफलेलं चिन्ह कॉन्स्टंटाइनच्या काळापासून पसरलं. मग तारीख नसलेला दगडही साधारण कधीचा हे सांगता येतं.

दे रोसी धार्मिक कॅथलिक होते आणि पोपशी एकनिष्ठ होते. २० सप्टेंबर १८७० रोजी इटलीच्या सैन्याने रोम घेतलं आणि पोपची सत्ता गेली, तेव्हाही ते पोपच्याच बाजूला राहिले. पण अभ्यासात त्यांनी कधी धर्म बघून सोबती निवडले नाहीत. लॅटिन शिलालेखांच्या प्रचंड संग्रहात त्यांनी थिओडोर मॉमसन यांच्यासोबत काम केलं. मॉमसन हे जर्मन प्रोटेस्टंट धर्मगुरूंचे चिरंजीव. दोन्ही पंथांच्या अभ्यासकांना दे रोसींच्या नोंदींवर भरवसा ठेवता आला, कारण दगडावर जे आहे ते त्यांनी तसंच छापलं.

१८७४ मध्ये दोमितिल्ला कॅटाकोम्बमध्ये त्यांनी अर्धं जमिनीत गाडलेलं एक चर्च उजेडात आणलं. तिथल्या एका छोट्या खांबावर एका हुतात्म्याचा शिरच्छेद कोरलेला आहे आणि वर नाव आहे, अकिल्लेउस. जुन्या मार्गदर्शिकांमध्ये नेरेउस आणि अकिल्लेउस या दोन हुतात्म्यांची कबर इथेच सांगितलेली होती.

मग दे रोसी कधी चुकलेच नाहीत का? चुकले की. भुयारांमधली बरीच चित्रं त्यांनी पहिल्या-दुसऱ्या शतकातली मानली, ती पुढच्या अभ्यासकांनी नंतरच्या काळातली ठरवली. १८८८ मध्ये प्रिस्किल्ला कॅटाकोम्बमध्ये अकिलियुस या बड्या रोमन घराण्याचे लेख मिळाले. त्यावरून त्यांनी पहिल्या शतकातल्या ख्रिस्ती उमरावांचं चित्र उभं केलं. तेही पुढे टिकलं नाही. पण गंमत बघा, या चुका पकडता आल्या कारण कुठला तुकडा कुठे मिळाला याच्या नोंदी त्यांनीच करून ठेवल्या होत्या.

१८९३ मध्ये दे रोसींना अर्धांगवायूचा झटका आला. तरी काम सुटलं नाही. लुई दुशेन यांच्यासोबत संपादित केलेली हुतात्म्यांची प्राचीन यादी १८९४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी २० सप्टेंबरला कास्तेल गांदोल्फो इथे त्यांचं निधन झालं. त्यांच्या लाडक्या पोपच्या हातून रोम गेल्याला त्या दिवशी बरोबर २४ वर्षं होत होती.

त्यांच्यामागे काम थांबलं नाही. १९०९ मध्ये जोसेफ व्हिलपर्ट यांना कॅलिस्टुस कॅटाकोम्बमध्ये पोप पोंतियानुस यांची लादी मिळाली. १९२५ मध्ये रोममध्ये ख्रिस्ती पुरातत्त्व शिकवणारी स्वतंत्र संस्था सुरू झाली. १८५२ च्या आयोगाचं काम आजही चालू आहे. साधारण २० किलोमीटर गल्ल्या असलेलं कॅलिस्टुस कॅटाकोम्ब आज कुणालाही तिकीट काढून बघता येतं.

आणि फिलोमेनाच्या त्या तीन कौलांचं काय झालं? दे रोसींचे शिष्य ओराझियो मारुक्की यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती परत तपासली. कौलं उलटसुलट लागली कारण ती आधीच्या दुसऱ्या कबरीवरून काढून इथे परत वापरली होती, असं त्यांनी मांडलं. म्हणजे कौलांवरचं नाव वेगळ्या व्यक्तीचं आणि आतल्या अस्थी वेगळ्या व्यक्तीच्या. १९६१ मध्ये व्हॅटिकनने फिलोमेनाचं नाव चर्चच्या दिनदर्शिकेतून काढून टाकायला सांगितलं.

तिचे भक्त मात्र आजही आहेत. मुन्यानोला यात्रा भरते, लोक नवस बोलतात. श्रद्धा ही श्रद्धेच्या जागी. पण जमिनीतून निघालेल्या वस्तूवरून इतिहास सांगायचा असेल, तर ती कुठे होती, कशी लावलेली होती आणि कुणी हलवली, हे आधी विचारावं लागतं. हे विचारायची सवय या अभ्यासाला लावली ती दे रोसींनी.